टॅग क्रमांक सहाशे तेरा

अंतोफगास्ताहून पहाटे निघालो, समुद्र पाठीशी टाकून.
रस्त्याच्या कडेने पाइपलाइन सोबतीला,
तीही चढावर, तीही दमलेली,
समुद्राचं पाणी तांब्याच्या खाणीपर्यंत
तीन हजार मीटर वर ढकलत नेणारी.
या वाळवंटात हिरवं म्हणून काही असेल
तर तिसऱ्या पंपघराचं दार.

निएवेस कोल्केने कुलूप काढलं.
माझ्या लॅपटॉपकडे पाहिलं, मग बुटांकडे.
"पुसून या. धूळ पंपांना चालते, मला नाही."

काम तसं साधं.
कलेक्टर बसवायचा, सर्व्हरचा पत्ता टाकायचा,
प्रमाणपत्र, पोर्ट, पासवर्ड,
फायरवॉलवाल्याला फोनवर दोनदा विनवायचं,
मग सहाशे बारा टॅग एकेक तपासायचे:
दाब, प्रवाह, कंपनं, बेअरिंगचं तापमान.
दर सेकंदाला एकेक आकडा इथून उठेल
आणि कुठल्याशा थंड देशातल्या
बिनखिडक्यांच्या इमारतीत जाऊन बसेल.
कायमचा.
"त्याला क्लाऊड म्हणतात," मी सांगितलं.
निएवेसने दारातून वर पाहिलं.
आभाळ घासून ठेवलेल्या पातेल्यासारखं.
"इथे?" एवढंच म्हणाली.

दुसऱ्या पंपाचा दाब अठ्ठावन्न.
"बासष्ट आहे," ती म्हणाली, पडद्याकडे न बघता.
"तो चार कमी सांगतो. सगळ्यांना माहीत आहे."
सगळे म्हणजे ती, दिवसपाळीचा ओस्वाल्दो
आणि एक जण, जो निवृत्त होऊन
कोकिम्बोला मासे पकडतो.
वर्णनाच्या रकान्यात चाळीस अक्षरं मावतात.
मी लिहिलं: चार मिळवा. निएवेसला विचारा.

घड्याळावरून थोडं वाजलं.
अर्काइव्ह चालतं ग्रिनिचच्या वेळेने,
तिची रात्रपाळी सुरू होते आठला,
तेव्हा तिकडे तारीख उलटते.
म्हणजे अख्खी रात्र उद्याच्या खात्यावर.
"मग आजचा पगार?"
ती हसली नाही, म्हणून मीही नाही.

शेवटची चाचणी म्हणजे केबल उपटायची
आणि वीस मिनिटं काहीच करायचं नाही.
कलेक्टर आकडे पोटात धरून ठेवतो,
जोडणी आली की सगळे ओळीने बाहेर काढतो.
तिने कोकाच्या पानांचा चहा केला. एकच कप धड होता,
तो मला दिला.

"आठ वर्षांपूर्वी इथे पाऊस पडला," ती म्हणाली.
"चाळीस मिनिटं.
आम्ही पंपांकडे पाठ करून दारात उभे.
ओस्वाल्दोने हेल्मेट काढलं, नियमात बसत नाही ते.
मी वहीत नोंद केली. 'इतर'च्या खाली.
पावसाला आमच्याकडे यंत्र नाही ना."
मग कप विसळायला गेली.
पाणी अगदी बेताने वापरत होती,
भिंतीपलीकडे अख्खा समुद्र चढत असताना.

केबल जोडली. वीस मिनिटं भरून आली,
एक सेकंदही गहाळ नाही.
दाब होता, प्रवाह होता.
ओस्वाल्दोचं हेल्मेट नव्हतं.

परवाना सहाशे पंचवीस टॅगचा.
वर विचारतील, तेव्हा बघू.
सहाशे तेरा: पाऊस, मिलिमीटर,
हाताने भरायचा, पाळी संपताना.

मग आठवलं, अर्काइव्ह काटकसरी असतं.
तोच आकडा पुन्हा आला तर ठेवत नाही,
पहिलं शून्य ठेवून
पुढे नुसती सरळ रेघ ओढतं.
म्हणजे ही बाई वर्षानुवर्षं पहाटे दारात जाऊन
वर बघणार, आत येऊन शून्य लिहिणार,
आणि ते शून्य फेकलं जाणार.

त्या एका टॅगपुरतं कॉम्प्रेशन बंद केलं.

तिने चष्मा लावला.
एका बोटाने कळ शोधली.
० मिमी. दर्जा: चांगला.
"झालं?"
"झालं."
"उद्या पुन्हा?"