नवतपा, सहावा दिवस

साडेपाचला बागेचं फाटक उघडतं.
बाकडं अजून कोमट असतं,
कालचं ऊन रात्रभर त्याच्यात मुक्कामाला.
प्रमिला आधी रुमाल टाकते, मग बसते.
"बाप्पा, शेकूनच राहिलं हे."

आम्ही चौघी. त्रिमूर्तीनगरच्या बागेत
फेऱ्या तीन ठरलेल्या, होते एक.
बाकीच्या दोन आम्ही बसल्या बसल्या
तोंडाने मारतो.

पहिली बातमी कूलरची, हा नियमच.
कुंदाकडचं गवत यंदा सडकं निघालं,
सगळ्या खोलीत गोठ्याचा वास,
आणि जावई नेमके त्याच रात्री,
अमरावतीहून भलंमोठं टरबूज घेऊन.
"काही बोलले?"
"काही नाही. म्हणाले, गावाची आठवण आली."
प्रमिलाला हसता हसता ठसका लागला.
मी पाठीवर थापट्या मारल्या,
ज्योत्स्नाने बाटली पुढे केली.

मग निकाल.
प्रमिलाच्या नातवाला एक्क्याऐंशी टक्के,
सुनेचं तोंड मात्र पस्तीसवर अडकलेलं.
पोरगा आनंदात आहे, दिवसभर
तळघरातल्या दुकानात कॅरम खेळतो,
कारण तिथे थंड असतं.

मग नळ.
उमरेडकरांनी टिल्लू पंप लावल्यापासून
माझ्याकडे नळाला नुसती हवा.
"तीही गरम," कुंदा म्हणाली.
माझी लेक नाशिकहून रोज आकडा कळवते,
पंचेचाळीस पॉइंट आठ, आई, बाहेर पडू नकोस.
मी तो फोन
बाहेरच उचलते.

मग तक्कू.
कैरीवर आमचं एकमत आहे, गुळावरही.
कांदा किसायचा की चिरायचा,
यावर कुंदा आणि ज्योत्स्ना
वीस वर्षं भांडताहेत.
काल कुंदा म्हणाली होती, चिरलेला कांदा म्हणजे
तक्कू नव्हे, कोशिंबीर.
आज ज्योत्स्नाने उत्तर दिलं नाही.

"आमच्याही कूलरचा पंप बिघडला," म्हणाली.
"यांनी खोलला दुरुस्तीला.
सगळे स्क्रू एका वाटीत काढले, नीट.
मग त्या वाटीकडे बघत बसले.
बऱ्याच वेळाने मला विचारलं,
हे कशाचे आहेत, गं?"

चौतीस वर्षं कोराडीला होते मधुकरराव.
रात्री-अपरात्री गाडी यायची न्यायला,
त्यांनी हात लावल्याशिवाय म्हणे
मशीन सुरू होत नसे.

माळी पाइप ओढत आला,
आमच्या चपला भिजवून गेला.
कोणी पाय उचलले नाहीत.
मला म्हणायचं होतं, उन्हाने होतं असं कधीकधी.
मी म्हटलं नाही.
गेल्या उन्हाळ्यात मीच म्हटलं होतं,
ते भाजी घ्यायला गेले
आणि प्रतापनगरच्या चौकातून
मोकळ्या हाताने परत आले तेव्हा.

प्रमिलाने विचारलं, "मग पंप?"
"नवा आणला. साडेतीनशेला.
जुना तसाच ठेवलाय खोललेला.
दुपारभर त्याच्याजवळ बसतात.
लागून राहिलेत कामाला."

ज्योत्स्ना उठली. आम्ही उठलो.
त्या दिवशी आम्ही तिन्ही फेऱ्या मारल्या,
प्रमिलासुद्धा, एका हाताने गुडघा धरून.
कोणी बोललं नाही.
दुसऱ्या फेरीला कुंदाने ज्योत्स्नाच्या
पदराला चिकटलेलं कडुनिंबाचं पान काढलं,
आणि टाकून न देता
मुठीतच ठेवलं.

फाटकाशी सगळ्यांनी दुपट्टे बांधले,
नुसते डोळे उरले.
"उद्या तक्कू आणते तुमच्याकडे," कुंदा म्हणाली,
"त्यांना आवडतो ना."
"आवडायचा," ज्योत्स्ना म्हणाली. मग, "आवडतो."
मग थोडं थांबून, जुन्या सवयीने,
"कांदा?"

"चिरून," कुंदा म्हणाली,
जी जन्मभर किसत आली.