चार सेंटिमीटर

नारीनमध्ये सप्टेंबरात
सकाळी पाना हाताला चावतो.
असिलकान आली तेव्हा मी शेगडीशी होतो.
तिची होंडा आधी खोकली, मग जपानीत काहीतरी बोलली.
"रोज हेच सांगते," ती म्हणाली,
"कुठलंसं कार्ड घातलेलं नाही म्हणे.
राहिलं असेल ओसाकात."

सत्तावीस वर्षांची गाडी, उजव्या हाताचं स्टीयरिंग.
मागच्या सीटवर लशींची पेटी, दोरखंड,
मेंढ्यांना पाजायच्या औषधाचा वास.
वरच्या कुरणांवर जनावरं बघत फिरते ही,
एकटीच, मे ते ऑक्टोबर.

"सहा इंच वर घ्या," पुतण्या म्हणाला.
त्याच्या फोनवर एक गाडी होती,
कमरेएवढ्या चाकांवर उभी,
धुतलेली.

मी गाडीखाली गेलो.
माणसाचा चेहरा खोटं बोलेल, गाडीचं पोट बोलत नाही.
लांब ओरखडा, पुढून मागे : ओढ्यातला दगड.
आडवा : चढावर वळताना घाई केलीस.
ऑइलच्या टाकीला खळगा, बशीएवढा.
अजून एक नख आत गेला असता
तर तुझी रात्र लांडग्यांबरोबर होती, बाई.

बाहेर येऊन म्हणालो, चार सेंटिमीटर.
पुतण्याला वाटलं मी थट्टा करतोय.
त्याला शाफ्ट दाखवला.
म्हटलं, हा सांधा बघ. तुझा घोटा समज.
टाचा उंचावून बाजारात जाता येतं,
डोंगरात नाही.
सांधा पाहून उंची मागावी.

मग आमचं जुनं लेथ,
कारखाना बंद पडला तेव्हा सासऱ्यांनी घोड्याच्या बदल्यात आणलेलं,
दिवसभर कुरकुरत राहिलं.
ॲल्युमिनियमच्या चार चकत्या, भाकरीएवढ्या.
स्प्रिंगा सोडल्या, बसवल्या.
सुकलेले रबरी बुश काढले, ते हातातच चुरले.
टायर एका मापाने मोठे, जास्त नाही.
अलाइनमेंटला माझ्याकडे मशिन नाही,
दोरा आहे, आणि एक डोळा
जो दुसऱ्यापेक्षा बरा दिसतो.

पाच वाजता गाडी खाली उतरवली.
कळलंही नसतं कोणाला.
नुसती अशी उभी
जशी एखादी बाई
कोणीतरी नावाने हाक मारल्यावर उभी राहते.

तेवढ्यात तिची आई आली, दवाखान्यातून,
गुडघ्यावर नवी पट्टी.
दार उघडलं. पाय उचलला.
पाय काठाला टेकला आणि थांबला.

चार सेंटिमीटर.

मी सगळे कोन मोजले होते.

म्हातारीने पाय खाली ठेवला.
"गाडी वाढली," ती म्हणाली, "की मी?"
पुतण्या उचलायला पुढे झाला
तर त्याच्या हातावर काठी बसली.

मी जर्दाळूच्या पेटीची फळी कापली,
खाली दोन ठोकळे,
वरून तिच्याच गाडीच्या जुन्या टायरचा तुकडा
खिळे मारून, नक्षी वर.
तिने उलटसुलट पाहिली. म्हणाली, "दोरी बांध."
कशाला?
"वर चढले की मीच ओढून घेईन.
पाठीमागे कोणी उचलायला वाकलेलं मला आवडत नाही."

दोरी बांधली.
ती चढली, सावकाश, दाराला धरून,
बसली, आणि फळी खेचून मांडीवर घेतली
एखाद्या पोरासारखी.

पैसे चकत्यांचे घेतले, बुशचे, टायरचे.
फळीचे लिहिले नाहीत.
असिलकानने तरी दोन वड्या कुरुत काउंटरवर ठेवल्या,
दगडासारख्या. अजून चघळतोय.

किल्ली फिरली.
गाडी पुन्हा तिच्या भाषेत बोलली, कार्ड नाही.
म्हातारी खिडकीकडे बघत
समजूत काढावी तशी म्हणाली :
"हो गं. माहितेय. चल आता."