अर्धं डोकं अर्धंच मोजायचं

कंबर तलावाच्या मध्यावर, सिद्राम भोयाच्या तराफ्यावरून
आम्ही नळी सोडली चिखलात.
खालून कुणी धरून ठेवल्यासारखी ती गेली, अडत, कुरकुरत,
आणि वर आली तेव्हा
हातभर काळं होतं तिच्यात,
त्याखाली वीतभर राखी, अगदी तळाला तपकिरी.
"एवढ्यासाठी?" सिद्राम म्हणाला,
"घरामागनं ट्रॉलीभर देतो की."

आता रोज एक सेंटीमीटर.
कापायचा, पोटॅशच्या कोमट पाण्यात सोडायचा,
चाळणीत धुवायचा
आणि सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्यानं
एकेक डोकं उचलायचं.

डोकं म्हणजे न चावणाऱ्या डासाच्या अळीचं.
सुईच्या टोकाएवढं, पिवळट,
खालच्या ओठाला दातांची करवत.
अळी वाढता वाढता चार वेळा डोकं बदलते,
जुनं तिथंच टाकून देते,
आणि गाळ कुणाचं काही परत करत नाही,
ठेवून घेतो.

यातल्या काही जिवंतपणी लाल होत्या.
आपल्यासारखंच लाल रक्त,
हवा संपलेल्या तळात
घोटभर श्वास दिवसभर पुरवणारं.
ते लाल आता नाही.
अप्पा ज्या हौदावर काम करत तिथला लाल
चादरीत पन्नास धुण्यांना पुरायचा,
नखांत तर त्यांच्या शेवटपर्यंत होता.
हा विरून गेला.
दातांवरूनच ओळखायचं,
कोण थोडक्यात भागवणारी
आणि कुणाला भरपूर हवा लागायची.

वरच्या नऊ सेंटीमीटरांत लाल अळीच फक्त.
अगदी वर तर तीही नाही,
प्लॅस्टिकचा एक निळा धागा, बास.
तेविसाव्यापासून खाली मात्र
बारीक दातांच्या त्या दुसऱ्या दिसू लागल्या,
आधी एक, मग चार, मग ताटलीभर.
त्या दुपारी मी चहा प्यायलाच विसरले.

सिद्राम सांगतो: एका पहाटे
सगळे मासे वर आले होते, तोंडं उघडून,
पाण्याला लहान लहान भोकं पडावीत तसे.
कुठल्या साली?
"गिरणीचा भोंगा बंद झाला, त्याच्या मागनं.
का आधी? धाकटी रांगत होती बघा."
मी वहीत लिहिते: धाकटी रांगत होती.
पुढं प्रश्नचिन्ह.
सेंटीमीटरवर कुणी साल लिहून ठेवलेलं नसतं.

आणि मग एकावन्नावा.
सगळा दोष आपला, असं मला लिहायचं होतं:
सांडपाणी, जलपर्णी, आपणच.
वाक्य तयारच होतं.
पण एकावन्नाव्यात पुन्हा फक्त लाल अळीचे दात,
बहुधा भोंग्याच्याही आधीचे.
म्हणजे हे तळं एकदा असंच गुदमरलं होतं
आणि मग, कुणी पंप लावला नाही, कुणी मोर्चा काढला नाही,
तरी त्याला हवा आली.
कशी, ते गाळ सांगत नाही.
किती वर्षांनी, तेही नाही.
मी वाक्य खोडलं.
दुसरं अजून सुचलेलं नाही.

एका थरात निदान पन्नास डोकी लागतात,
नाहीतर तो थर बोलला असं धरत नाहीत.
अर्धं डोकं सापडलं तर अर्धंच मोजायचं,
पाव असेल तर सोडून द्यायचं.
आज साडेसत्तेचाळीसवर रात्र झाली.

घरी अम्मा सुपातली पानं आवरत असते.
तिच्याही बोटांना दिवसभराचे हजार आकडे चिकटलेले,
कारखान्यात तिची विडी टिचकीवर पारखतात,
सैल असेल ती बाजूला.
"लेक्क जमली?" ती विचारते.
"अडीच कमी."
ती मान हलवते. अर्ध्याचं तिला नवल वाटत नाही.
"छाट किती गेली?"

छाट. मी वहीत बघते.
तुटलेली, ओळख न पटलेली,
पावापेक्षाही कमी उरलेली:
एकशेबारा.
ती कुठल्या हवेत जगली
ते कोष्टकात येणार नाही.

"बरीच गेली," मी म्हणते.
"जातात," अम्मा म्हणते,
आणि सूप भिंतीला उभं करते.