बाकी

जेल रोडवरचा पार्टवाला म्हणाला, दीदी, घड्याळच पाहिजे ना?
दोनशेत घेऊन जा, सेल माझ्याकडून.
मी म्हटलं, घड्याळ आहे. त्याला हुकूम द्यायला कुणी नाही.

आहे म्हणजे, परदेशीपुऱ्यात भंगाराच्या ढिगातून ओढून काढलेली
दीड हात रुंदीची तबकडी, गिरणीच्या गेटवरची.
आत चावी नाही, लंबक नाही,
एक कॉइल आणि एक आडमुठं चाक.
मिनिटाला एक ठोका तारेतून आला तर काटा एक घर सरकणार,
नाही आला तर बसून राहणार
तीन चाळीसवर,
बसलाय तसा, गिरणीची वीज तोडली त्या दिवसापासून.

तर वरचा साहेब मी घरीच बनवला.
आगपेटीएवढा मायक्रोकंट्रोलर,
पॉलिटेक्निकच्या लॅबमधून बाद झालेला चोवीस व्होल्टचा सप्लाय,
चार ट्रान्झिस्टर, ठोक्याची दिशा फिरवायला,
कारण एकदा सुलटा, एकदा उलटा असाच तिला कळतो,
तोच पुन्हा दिला की कॉइल ढिम्म.

वेळ मात्र उसनी आणायची.
तीन रात्री जुन्या रेडिओला कान लावला, दहा मेगाहर्ट्झवर.
खरखर. कुणाच्या तरी इन्व्हर्टरची घरघर.
मग गच्चीवर टाकीच्या झाकणाला अँटेना चिकटवला
आणि उपग्रह मोजत बसले.
दोन. तीन. परत दोन.
चौथा सापडला तेव्हा खाली पोह्यांची पहिली परात चढली होती.
निळा दिवा सेकंदा-सेकंदाला लुकलुकायला लागला,
इतका नेमका, की मलाच अवघडल्यासारखं झालं.
आकाशाला इंदूर ठाऊक नाही.
साडेपाच तास मी मिळवले.

अडचण पुढे आली. बोर्डाला तबकडी दिसत नाही.
काटे कुठे आहेत ते आपणच टाइप करून सांगायचं.
सांगितलं: तीन चाळीस.
रात्रीचे नऊ सतरा झाले होते.
मधे किती वर्षं गेली ते त्याने विचारलंच नाही.
बाराने भागलं, वर्षं सगळी नि:शेष गेली,
बाकी पाच तास सदतीस मिनिटं.

"एवढीच?" तळमजल्यावरचे मार्तंडकाका भुसारी म्हणाले.
गिरणीत घड्याळखात्यात होते ते.
"माझी तर कोर्टात पडलीय अजून."

दोन सेकंदांना एक ठोका. टक. टक.
चार वाजले. पाच. कुणी आलं नाही, कुणी सुटलं नाही.
आपण मागून धावतो तेव्हा पुढचा थांबत नाही,
म्हणून तीनशे सदतीसवर आणखी अकरा,
आणि नऊ अठ्ठावीसला काटा जो टेकला तो शांत झाला,
मिनिटाची वाट बघत.

मी पेढा पुढे केला.
काका तबकडीकडेच बघत होते. बराच वेळ.
मग म्हणाले, "हे चूक आहे."

"गेटवरचं दोन मिनिटं मागे असायचं.
मीच ठेवायचो. भोंगा झाल्यावर पळत येणारी पोरं असत.
महिन्यातून एकदा साहेब खालून वर जुळवायचा,
तो गेला की अपन तार सोडायची."
दोनच का, मी विचारलं.
"अगं, एक ठोका गाळला तर पुढचा उलटा पडतो. तोही वाया.
एकाची चोरी केली तरी दोन जातात."
हे मला दोन महिने डेटाशीट वाचून कळलं होतं.

मी लॅपटॉप परत उघडला. एक ओळ घातली.
नऊ चाळीस झाले होते.
एक्केचाळीस झाले. काटा हलला नाही.
निळा दिवा वर आपलं काम करत होता.
बेचाळीस. काकांनी पेढा उचलला, खाल्ला नाही.
आम्ही दोघं उभे,
आणि गेटमधून कोण येऊन गेलं ते
मला दिसलं नाही, त्यांना दिसलं असेल.

टक.