ऐनवेळचे विषय

सोहारमध्ये महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी
लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर आमच्या मंडळाची सभा भरते.
इतिवृत्त मी लिहिते.
साडेसहा म्हणजे सव्वासात,
हे घटनेत कुठेच नाही, तरी तेवढंच सगळे पाळतात.

अवचटकाका अध्यक्ष. आधी एसीशी भांडतात,
मग विचारतात, "कोरम झाला का हो?"
झालेला नसतो.
नियमाप्रमाणे सभा तहकूब,
नियमाप्रमाणे अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा सुरू.
त्या अर्ध्या तासात थर्मासातला कहवा संपतो.

मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे :
टिल्लूंना प्रत्येक ठरावात "एकमताने" हवं असतं.
पाडव्याचा बॅनर : पिवळा की हळदी, पाऊण तास.
श्रीखंडाला लबनेह चालेल का?
निमकरवहिनी म्हणतात, "तीन वर्षं तेच खाताय."
त्यावर वीस मिनिटं.

दाराजवळच्या खुर्चीत यासीन मुकादम.
म्हसळ्याचा. बंदरात क्रेन चालवतो.
कॅम्पची व्हॅन आठ पन्नासला चौकात येते.
आठ चाळीसला तो उठतो,
खुर्ची घडी करून भिंतीला लावतो,
आवाज होऊ न देता,
माझ्याकडे बघून मान हलवतो आणि जातो.

वार्षिक अहवालासाठी वही उलटत होते
तेव्हा दिसलं ते वाक्य.
ऐनवेळचे विषय, अध्यक्षांच्या परवानगीने : श्री. मुकादम.
वेळेअभावी पुढील सभेवर.
पुढच्या महिन्यातही. त्याच्या पुढच्याही.
पाच वेळा, माझ्याच अक्षरात.
अक्षर छान आहे माझं. शाळेत बक्षीस होतं.

कुणाला विचारलं नाही.
विषयपत्रिका छापताना उलटी केली,
ऐनवेळचे वर, बॅनर तळाला,
आणि खाली ठळक : सभा साडेआठला संपेल.
काकांनी चष्मा कपाळावर चढवला.
"शीर्षासन घालायला लावलंत की सभेला!"
साडेसहाला चौघं होतो, यासीन धरून.
तहकुबीचं नाव मी काढलं नाही, काकांनीही नाही.
टिल्लू सातला आले,
त्यांना कळेचना कुठल्या विषयावर बसावं.

यासीन उभा राहिला.
"बसून बोला हो," काका म्हणाले. तो उभाच.
"आमच्या खोलीतल्या पोराचं होतं.
वेल्डिंगची ठिणगी डोळ्यात गेलेली.
इस्पितळात सोबत कुणी हवं होतं,
डॉक्टर काय म्हणतो ते नीट सांगणारं.
तो गेला परत, फेब्रुवारीत.
त्याचा विषय संपला."

एसी ऐकू येऊ लागला.

"आता दुसरा आहे. त्याच खोलीतला."

चार मिनिटं लागली, मी घड्याळ पाहिलं.
बुधवारी सकाळी निमकरवहिनी जाणार,
गाडी टिल्लूंची, फोन यासीनने करायचा.
कोण, काय, कधी : तीन ओळीत मावलं.
एकमताने लिहा, हे सांगायला टिल्लू विसरले.
मीही नाही लिहिलं.
मागची पाच पानं मात्र चिकटपट्टी लावल्यासारखी
बोटाला लागत राहिली.

लबनेह मंजूर. हिशोब मंजूर, साडेतीन रियाल कमी.
आठ एकतीसला काका म्हणाले, "संपली?"
जणू कुणी ताट अर्धवट उचललं होतं.
बॅनर राहिला.
वेळेअभावी पुढील सभेवर, लिहिलं मी, छान अक्षरात.

यासीनने खुर्ची घडी केली, भिंतीला लावली,
घड्याळ पाहिलं आणि परत उघडून बसला.
"हळदीच करा," तो म्हणाला.
"लांबून ओळखू येतो.
मी वरनं दिवसभर लांबूनच बघतो सगळं."