दोन बारा

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
ठकी पहिला सूर लावते.
दोन बाराला खालचे मिस्टर रेनी
झाडूचा दांडा छताला लावतात.
ठक. ठक.
त्यांचं छत, माझी जमीन.
नऊ आठवड्यांत एवढीच ओळख.

तिचं कागदावरचं नाव अन्वयी,
डंडीच्या रजिस्ट्रारबाईंनी तीनदा विचारून लिहिलेलं.
घरात मात्र ठकी.
म्हणजे त्यांना ठाऊक नाही,
पण ते रोज रात्री तिला नावानेच हाक मारतात.

डिसेंबर आहे.
उजाडतं पावणेनऊला, साडेतीनला दिवस आवरतो,
मधल्या फटीत मी एक अंघोळ बसवायची असते.
हेरंब पंधरा दिवस समुद्रावर, पवनचक्क्यांच्या बोटीवर,
फोनवर त्याच्यापेक्षा वाराच जास्त बोलतो.
झबल्याची चापबटणं मी अंधारात लावते,
शेवटी एक उरतंच, बिनजोडीचं.
परवा त्याच्याकडे बघून मला रडू आलं.
बटणाकडे बघून.

आई म्हणाली, ओवा-वेखंडाची धुरी दे.
दिली.
छतावरचा अलार्म असा केकाटला
की ठकी रडायची थांबली
आणि आदराने त्याच्याकडे बघत राहिली.
खालून ठोके आले चार.

गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये वजन.
दुपटं काढा, लंगोट काढा,
तराजूत ती उघडी, चिडलेली, जांभळट.
हेल्थ व्हिजिटरने लाल पुस्तकात टिंब काढलं.
मागचं टिंब रेषेवर होतं, हे जरा खाली.
"जरा" असं ती म्हणाली, हसून.
मी ते "जरा" बाबागाडीत घातलं,
चढ चढून घरी आणलं
आणि दिवसभर त्यालाच दूध पाजत बसले.

त्याच संध्याकाळी ती हसली. पहिल्यांदा.
हीटरकडे बघून.
मी घाईने मध्ये डोकं घातलं
तोवर हसू संपत आलं होतं,
तरी उरलंसुरलं घेतलं मी.
हेरंबला फोनवर सांगताना
हीटर गाळला.

काल रात्री दोन दहा झाले.
दोन बारा.
काही नाही.
उठून तिच्या नाकाखाली बोट धरलं,
ऊब आली, गेली, आली.
अडीचला पुन्हा. तीनला पुन्हा.
हिच्या झोपेसाठी देव पाण्यात ठेवले होते मी,
आता ती झोपली
आणि पाण्यात मी.

सकाळी, म्हणजे अंधारातच, बेल वाजली.
दारात मिस्टर रेनी, पहिल्यांदाच अख्खे.
मला वाटायचं दांड्याएवढे उंच असतील,
हे तर माझ्या खांद्याला.
पायांत चेक्सच्या सपाता, हनुवटीवर टूथपेस्ट.
म्हणाले, रात्री काही ऐकू आलं नाही.
बाळ बरं आहे ना?

मी माफीची वाक्यं तयार ठेवली होती नऊ आठवडे,
इंग्रजीत, पाठ करून.
त्यातलं एकही इथे बसेना.
तुम्ही जागे होतात? एवढंच विचारलं.
दोन दहाला मी उठतोच आता, म्हणाले,
मग मुकाट चहा करतो.

ठकीला पुढे केलं.
तिने त्यांच्या बाहीवर थोडं दूध काढलं.
त्यांनी एका बोटाने तिचं पाऊल चाचपलं
आणि म्हणाले, पाय गार आहेत हिचे.
थेट माझ्या आईच्या सुरात.

आज दोन दहाला ती पुन्हा आपल्या सुरावर.
दोन बाराला ठक. ठक.
ती माझ्या खांद्यावर, मी अनवाणी,
टाच उचलली
आणि जमिनीवर दोनदा आपटली.

खाली शांतता.
मग हलकेच, एकच:
ठक.

ढेकर अजून आलेला नाही.