कूलरच्या टाकीत

मार्च लागला, म्हणून कूलर उघडला.
जुना वाळा काढताना बोटांना टोचला
आणि टाकीच्या तळाशी, गंजलेल्या पंपामागं,
आडवी झोपलेली एक बाटली.
रिकामी. लेबल नखानं खरवडलेलं.
तीन महिने माझ्याच खिडकीत होती ती
आणि मी रोज तिच्यावर टॉवेल वाळवत होते.

डिसेंबरात आम्ही भंडाऱ्याला गेलो होतो,
नणंदेच्या लेकीचं साक्षगंध.
"प्रिलिम आहे," सुमेध म्हणाला.
डब्यात सांबारवडी ठेवली,
गेटवरून तीनदा मागं वळून सांगितलं, गॅसचं बटन बघ.
बाकी काय सांगायचं असतं
सतरा वर्षांच्या पोराला?

परतलो तर घर स्वच्छ होतं.
तिथंच कळायला हवं होतं.
पेले उपडे घातलेले (मी उताणे ठेवते),
बाथरूममध्ये फिनाईल इतकं
की डोळ्यांतून पाणी.
"पोरगं शहाणं झालं बे," हे म्हणाले,
आणि आम्ही दोघं त्यावरच चहा प्यालो.

सोमवारी शाळेतून निरोप आला.
पोरांच्या बाकांवर बसवलं आम्हाला, गुडघे अडकत होते.
माझ्या बाकावर कर्कटकानं कोरलेलं होतं : फिजिक्स मेलं.
निमगडे मॅडमनी कागद वाचला.
बावीस मुलं. मनीषनगरातला एक फ्लॅट.
एक मुलगी सलाइनवर.
नाव घेतलं नाही त्यांनी,
तरी माना वळल्याच.

लांजेवार म्हणाले, आमचा तर ट्यूशनला होता.
रात्री एक वाजता?
बोकडेबाई म्हणाल्या, आमची असल्या घरात पाय ठेवत नाही.
शाळा काय करून राहिली होती?
शाळा दोनला सुटते.
मग कॅमेरे लावा. नावं लावा बोर्डावर.
तितरमारे, त्या मुलीचे वडील,
शेवटच्या बाकावर मफलरची घडी घालत होते,
मोडत होते, पुन्हा घालत होते.
एवढंच बोलले :
"इतके जण होते.
एकानंही मोठ्या माणसाला फोन काहून नाही केला?"

माझ्या पर्समध्ये फोन होता.
त्यात, एक वाजून बारा मिनिटं. सुमेध.
एक चौदा. सुमेध.
एक वीस.
भंडाऱ्यात तेव्हा डीजे वाजून राहिला होता
आणि मी नाचत होते.
हो, नाचत होते, वीस वर्षांनी.
सकाळी पाहिलं. वाटलं, खिशात दबला असेल.
तीनदा.

मी उठले नाही.
मग पोरांना आत घेतलं, मॅडमनी तेच विचारलं.
सुमेधनं माझ्याकडं पाहिलं नाही.
"रेंज नव्हती," म्हणाला.
मनीषनगरात, टॉवरच्या अगदी खाली.
कुणीतरी हसलं.
सात दिवस शाळेबाहेर.

स्कूटर काढताना तितरमारे जवळ आले.
"ऑटोवाला सांगत होता,
एक पोरगा अनवाणीच बसला होता मागं,
तिचं डोकं मांडीवर धरून.
दवाखान्याच्या दारापर्यंत.
तुमचा का तो?"
"माहीत नाही," मी म्हणाले.
आणि खरंच माहीत नव्हतं.
घरी येऊन त्याच्या चपला पाहिल्या,
दोन्ही जागेवर होत्या,
त्यावरून काय कळणार?

आज हाक मारली : पाइप धर रे.
तो आला. बाटली पाहिली.
कान लाल, मान खाली,
नळ सोडला.
नव्या वाळ्याचा वास घरभर व्हायला अजून वेळ होता.

"सकाळी पाहिले होते मी तुझे फोन," मी म्हणाले.
"उलटून केला नाही."

पाइप त्यानं सोडला नाही.
टाकीत पाणी चढत होतं.
"भरली का?" मी विचारलं.
"थांब जरा," म्हणाला.